मातीचं पांघरूण

आमच्या चिंचवडात जमशेदपूरहून बदली होऊन आलेली बरीच मंडळी आहेत. टेल्कोचा तिथला कारखाना आधीचा, इथला नंतरचा. अशाच एका शेजाऱ्यांशी गप्पा मारताना जादुगुड्याचा विषय निघाला, आणि तो काही डोक्यातून जाईना. मग बसलो वाचत. निवृत्त मास्तरला दुसरं काम काय!

जादुगुडा जमशेदपूरपासून जवळच. युरेनियम कॉर्पोरेशनची खाण तिथे आहे. ही संस्था १९६७ सालची. टनभर दगडातून युरेनियम मिळतं किलोभराहूनही कमी. उरतो तो दळलेला दगड. त्यातला जाडसर भाग परत खाणीत भरतात, बारीक गाळ बांध घातलेल्या तळ्यांत सोडतात. तळं भरलं की वर माती. पण युरेनियम काढून घेतलं, तरी मूळ दगडातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग त्या गाळातच राहतो! त्यातलं रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात.

या रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. तो मात्र अल्पायुषी, चार दिवसांच्या आतच निम्मा होतो. म्हणून मातीचं काम एवढंच, की त्याला वाटेत रेंगाळत ठेवायचं आणि पावसाचं पाणी खाली मुरू द्यायचं नाही.

अमेरिकेने १९७८ साली अशा ढिगांसाठी कायदा केला. त्यानुसार नियम झाला, की पांघरूण शक्यतो हजार वर्षं, निदान दोनशे वर्षं तरी टिकावं. पुढे तपासणीत दिसलं, की चोपून बसवलेली चिकणमाती थोड्या वर्षांतच बदलते. ती वाळून तडकते, मुळं आत शिरतात, मुंग्या बिळं करतात, आणि पाणी झिरपू लागतं.

मला याचं नवल वाटलं नाही. आमचं गावाकडचं घर माळवदाचं. मृग लागायच्या आधी वडील वर चढायचे, उगवलेलं गवत उपटायचे, भेगा बुजवायचे, नवी पांढरी माती पसरून चोपायचे. एक वर्ष चुकलं, की घरात भांडी मांडायची वेळ. माळवद नुसत्या मातीवर टिकत नाही. दरवर्षी वर चढणारं कुणीतरी लागतं.

हजार वर्षं कोण चढणार? ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिला हजार वर्षं व्हायला अजून अडीचशेवर वर्षं आहेत, तरी मी वर्गात ओवीखाली अर्थ लिहून देत होतो. ती आपल्यापर्यंत आली, कारण प्रत्येक पिढीने ती वाचली, नकलून घेतली, पुढच्या पिढीला समजावून सांगितली. त्या तळ्यांपाशी आज ‘इथे खणू नका’ अशी पाटी लावली, तर तिचाही अर्थ सांगणारा कुणीतरी लागेल.

वीज आपण वापरणार, आणि राखण करायची ती अजून न जन्मलेल्यांनी. निदान त्यांना सांगून ठेवायला हवं. शाळेच्या पुस्तकात यावर एक धडा असावा, असं मला मनापासून वाटतं.