लखनौत लेकीला विचारलेला प्रश्न

गेली वीस वर्षे मी शाळेत उर्दू शिकवते. मीर, आतिश, अनीस यांच्याबद्दल सांगताना दर वेळी लखनौचे नाव येते. पण लखनौ मी कधी पाहिले नव्हते. या दिवाळीच्या सुटीत थोरल्या लेकीला घेऊन निघाले. कल्याणला सकाळी पुष्पक एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि डबा उघडून नाश्ता केला.

निघताना मनात एक गोष्ट घोळत होती. लेकीला स्थळ आले होते. मुलगा इंजिनिअर, पुण्यात नोकरी, घराणे ओळखीतले. मोठ्या दिरांनी सगळी चौकशी करून ठेवली होती. सुटीवरून परत आलो की होकार कळवायचा, एवढेच बाकी होते. लेकीला मात्र कोणी विचारले नव्हते. “ती कशाला नाही म्हणेल?” असे घरात सगळेच म्हणत होते. मीसुद्धा.

गाडीत लेक एक इंग्रजी कादंबरी वाचत होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेली. अतिया हुसैन यांची ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’. १९६१ साली प्रसिद्ध झालेली. भुसावळच्या पुढे तिने पुस्तक माझ्या हातात दिले. “अम्मी, ही लखनौचीच गोष्ट आहे. निदान सुरुवात तरी वाच.”

माझे इंग्रजी बेताचे. शब्द अडले की तिला विचारत विचारत वाचले. लैला नावाची आईबापाविना वाढलेली मुलगी ही गोष्ट सांगते. तिच्या आजोबांची मोठी हवेली आहे, नाव ‘आशियाना’. आजोबा मरणाच्या दारात आहेत. घरात झहरा या चुलत-आते नात्यातल्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. आबिदा फूफी म्हणते की जिच्या आयुष्याचा निर्णय आहे, तिच्यासमोर बोला. त्यावर घरातले एक पुरुष नातेवाईक संतापतात. मुलगी आता वडीलधाऱ्यांच्या निवडीला बोल लावणार का, असा त्यांचा सवाल.

तिथे मी पुस्तक मिटले. हेच शब्द मी आमच्या दिवाणखान्यात ऐकले होते. फक्त भाषा वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लखनौला उतरलो. आसफउद्दौलांनी १७८४ मध्ये बांधायला घेतलेला बडा इमामबाडा पाहिला. त्या वर्षी दुष्काळ होता आणि हजारो हातांना काम मिळाले, असे मी मुलांना सांगत आले आहे. पण लेकीला घाई होती ती कैसरबागेची. “अम्मी, लैलासारख्यांच्या हवेल्या तिथल्या.”

कैसरबाग नवाब वाजिद अली शाह यांनी १८४८ ते १८५० च्या दरम्यान बांधली. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाबांना कलकत्त्याला जावे लागले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी अवधच्या तालुकदारांना, म्हणजे बड्या जमीनदारांना, सनदा देऊन आपल्या बाजूला वळवले. कैसरबागेतली घरेही त्यांच्यातल्या अनेकांकडे गेली. पिवळा लाखी दरवाजा अजून उभा आहे. तो बांधायला एक लाख रुपये लागले म्हणून हे नाव, असे सांगतात. आतल्या काही घरांत आजही जुन्या घराण्यांची माणसे राहतात. काही ठिकाणी गिलावा गळून विटा दिसतात.

अतिया हुसैन याच वर्गातल्या. १९१३ साली लखनौत जन्मल्या. घरात उर्दू, फारसी, कुराण आणि बाहेर इंग्रजी शाळा. पुढे त्या इसाबेला थोबर्न कॉलेजात शिकल्या आणि १९३३ मध्ये पदवीधर झाल्या. तालुकदार घराण्यांतल्या त्या पहिल्या पदवीधर स्त्री. हे कॉलेज मूळ अमीनाबादच्या बाजारात १८७० मध्ये सहा मुलींची शाळा म्हणून सुरू झाले होते. रशीद जहाँ, इस्मत चुगताई आणि कुर्रतुलऐन हैदर याही तिथल्याच विद्यार्थिनी. आम्ही फाटकाबाहेरून पांढरे खांब पाहिले. सहा मुलींपासून सुरू झालेल्या शाळेने उर्दूला काय काय दिले, असा विचार मनात आला. माझ्या वर्गातल्या मुली डोळ्यांसमोर आल्या.

दुपारी कैसरबागेतल्या सफेद बारादरीत गेलो. ही इमारतही वाजिद अली शाह यांच्या काळातली. पुढे ती तालुकदारांच्या अंजुमनकडे गेली. आता तिथे लग्ने आणि प्रदर्शने होतात. त्या दिवशीही लग्नाची तयारी चालू होती. मजूर झेंडूच्या माळा कमानींवर बांधत होते. एका कोपऱ्यात गाद्यांचा ढीग होता. आम्हा दोघींना कोणी हटकले नाही. पायरीवर बसलो.

तिथे मला माझा निकाह आठवला. वकील आणि दोन गवाह इजाजत घ्यायला आत आले. मी घुंघटात. त्यांनी विचारले आणि मी श्वास घ्यायच्या आत मागून खालाचा हात डोक्यावर आला. मान खाली दाबली गेली. “हो म्हणाली, हो म्हणाली!” असा गलका झाला. मी नाही म्हणणार नव्हते. संसारही अल्हम्दुलिल्लाह सुखाचा झाला. पण ती मान मी हलवली नव्हती.

कुमारिकेचे मौन ही तिची संमती, ही हदीस आपल्याला सगळ्यांना पाठ असते. तिचा पहिला भाग मात्र आपण विसरतो. आधी तिला विचारायचे आहे. लाजेने तोंडून शब्द फुटत नसेल, तर तिची शांतता स्वीकारायची, ही तिला दिलेली सवलत आहे. ज्या मुलीला विचारलेच नाही, तिचे गप्प राहणे ही संमती कशी होईल? खन्सा बिन्त खिदाम या आधी विवाह झालेल्या सहाबी स्त्री होत्या. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध निकाह लावला. त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे तक्रार नेली आणि तो निकाह रद्द झाला. ही गोष्ट सहीह बुखारीत आहे. इस्लामने मुलीला दिलेला हक्क आपण आपल्या खानदानाच्या इभ्रतीखाली झाकून ठेवतो आणि त्यालाच दीन म्हणतो.

कादंबरीतली आबिदा फूफी मला म्हणूनच सलते. झहरासाठी बोलणारी हीच बाई. पुढे तिचे स्वतःचे लग्न मोठ्या वयाच्या माणसाशी होते आणि ती कर्तव्य म्हणून ते निभावते. आणि लैला जेव्हा घरच्यांच्या मर्जीविरुद्ध अमीरशी लग्न करते, तेव्हा हीच फूफी दुरावते. विचारावे असे तिला वाटत होते, पण उत्तर वेगळे आले तर ते ऐकायची तयारी नव्हती. आपल्यातल्या किती शिकलेल्या आया अशा असतील? मी स्वतःला विचारले आणि उत्तर आवडले नाही.

लेकीला म्हटले, “पुण्याच्या स्थळाबद्दल तुला काय वाटतं?”

ती बराच वेळ झेंडूच्या माळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अम्मी, तू आज पहिल्यांदा विचारलंस.”

“चुकलं माझं. आता सांग.”

“मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मला त्याच्याशी एकदा बोलायचंय. तुम्ही सगळे समोर बसा, चालेल. आणि बी.एड. पूर्ण करायचंय. ते त्यांना मान्य आहे का, हे कोणी विचारलंय?”

कोणी विचारले नव्हते. त्याच पायरीवरून मी यांना फोन लावला. मग मोठ्या दिरांना. ते नाराज झाले. “लखनौला जाऊन हे शिकलात का?” असे म्हणाले. मी म्हटले, “भाईजान, शिकले होते आधीच. विसरले होते.”

कादंबरीच्या शेवटी लैला वर्षांनी ‘आशियाना’त परत येते, तेव्हा फाळणी होऊन गेलेली असते. उत्तर प्रदेशात १९५२ मध्ये जमीनदारी संपली. ज्या इभ्रतीसाठी मुलींची तोंडे बंद ठेवली, ती इभ्रत आणि त्या हवेल्या दोन्ही गेल्या. मुलींची आयुष्ये मात्र जगायची होती, ती त्यांनी जगली.

आम्ही परतून तीन आठवडे झाले. पुण्याच्या मंडळींना लेकीचे म्हणणे कळवले आहे. अजून उत्तर आलेले नाही. कदाचित स्थळ मोडेल. घरात थोडी चिंता आहे, दीर अजून जेवायला आलेले नाहीत. पण रात्री लेक माझ्याशेजारी बसून अभ्यास करते आणि मध्येच काहीबाही बोलते. पूर्वी एवढी बोलत नसे.

भगिनींनो, आपल्या घरात कोणाचे लग्न ठरत असेल, तर वकील आणि गवाह दारात यायच्या आधी एकदा मुलीजवळ बसा. तिला विचारा. आणि ती सांगेल ते ऐकायला वेळ काढा. अल्लाह आपल्या सगळ्या लेकींचे नशीब चांगले करो. आमीन.