कुलूप दाराला आणि जिभेलाही



नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आपण सहकुटुंब जातो. त्या रात्री डिचोलीतली ख्रिस्ती घरे रिकामी असतात, हे जसे आपल्याला ठाऊक असते तसे चोरालाही असते. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच घर बंद करून गेलो. परत आलो तर मागच्या दाराची कडी उचकटलेली. खिडकीजवळ चार्जिंगला लावलेला मोबाईल नाही. न्हाणीतली तांब्याची भाण नाही. ती आमच्या आईच्या लग्नातली. आणि पडवीत बांधलेला आमचा ब्रुनोही नाही. तुटलेली दोरी तेवढी राहिली होती.

धाकटी लेक मोबाईलसाठी रडली नाही, भाणीसाठीही नाही. ब्रुनोसाठी मात्र तिने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. त्या रात्री आम्हाला नाथान संदेष्ट्याची गोष्ट आठवली. गरिबाजवळ एकच मेंढी होती. ती त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या कुशीत निजे. श्रीमंताने नेमकी तीच हिरावून घेतली. पाळलेले जनावर ही नुसती मालमत्ता नसते, हे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाला माहीत आहे.

पण गोष्टीचा पुढचा भाग आम्ही त्या रात्री विसरलो.

शेजारच्या खोलीत एक परप्रांतीय बांधकाम मजूर बायको-मुलासह भाड्याने राहत होता. आसपासच्या घरांतून मिस्सेला न गेलेला तोच एक. एवढ्या पुराव्यावर आम्ही निकाल दिला. पोलिसांत तक्रार देताना त्याचे नाव घेतले नाही. पण नाताळच्या सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर ‘बाजूलाच राहतो ना तो’ एवढे बोललो. संध्याकाळपर्यंत ते वाड्यावर पोचले. घरमालकाने त्याला खोली सोडायला सांगितली आणि नवे वर्ष लागण्याआधी ते कुटुंब निघून गेले. नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना नेवऱ्या आणि दोदोल दिले होते. तो डबा घासूनपुसून आमच्या पायरीवर ठेवलेला सापडला.

चौथ्या दिवशी ब्रुनो मयेच्या वाटेवर मिळाला. मध्यरात्रीच्या फटाक्यांना घाबरून तो दोरी तोडून पळाला होता. त्याला कोणी नेलेच नव्हते. गळ्यातल्या पट्ट्यावर आमचा फोन नंबर असता तर पहिल्याच दिवशी कोणीतरी कळवले असते. दीड महिन्याने पोलिसांनी मोबाईलही शोधून काढला. तो एका मुलाकडे निघाला. त्या मुलाला पहिल्या कम्युनियनसाठी आम्हीच शिकवले होते.

त्याच्या आईसमोर बसलो तेव्हा आमच्या तोंडून किती कारणे निघाली! वय तसे, संगत वाईट, घरची ओढाताण. त्या मजुरासाठी मात्र आम्ही एकही कारण शोधले नव्हते, आणि त्याने तर काही केलेच नव्हते.

नाथानची गोष्ट ऐकून दावीद संतापला आणि मेंढीची चौपट भरपाई करायला हवी म्हणाला. तेव्हा संदेष्ट्याने बोट दाखवले ते राजाकडेच. निर्गम पुस्तकातला नियम असा, की चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरे आणि बैलामागे पाच बैल द्यावेत. जक्कयही चौपट परत द्यायला तयार झाला. पण एखाद्याचे नाव घालवले तर त्याची चौपट कशी मोजायची? आपल्या गणनेप्रमाणे सातवी आज्ञा चोरी करू नको सांगते आणि लगेच आठवी खोटी साक्ष देऊ नको म्हणते. आम्ही सातव्या आज्ञेचा कैवार घेता घेता आठवी मोडली.

सावधगिरी म्हणजे विश्वासाची उणीव नव्हे. चोर कधी येणार हे कळले असते तर घरधनी जागा राहिला असता, असे प्रभू येशूच म्हणाला. म्हणून मिस्सेला जाताना मागचे दारही तपासा. जवळच्या, घरी असणाऱ्या शेजाऱ्याला सांगून जा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. मोबाईलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत उतरून ठेवा. मोबाईल गेलाच, तर पोलीस तक्रारीनंतर ‘संचार साथी’वरून तो बंद करता येतो. कुत्र्याच्या पट्ट्यावर नंबर लिहा, त्याचा फोटो जवळ ठेवा आणि फटाक्यांच्या रात्री त्याला घरात घ्या. गुरांच्या कानाला १२ आकडी बिल्ला मारून घ्या. आणि संशय आला तर तो पोलिसांना सांगा, चर्चच्या पायऱ्यांवर नको.

हरवलेल्या वस्तूंसाठी आपण संत अंतोनीकडे धाव घेतो. परंपरा सांगते, की एका नवशिक्या मठवासीयाने त्याचे स्तोत्रांचे पुस्तक पळवले. अंतोनीने प्रार्थना केली. पुस्तक परत आले आणि ते नेणारा मठवासीही परत आला. आमच्याकडे ब्रुनो आला, मोबाईल आला. त्या मजुराची आम्ही त्याच्या मुकादमाकडे, म्हापशाच्या बाजारात, इतर कामगारांकडे चौकशी केली. तो अजून भेटलेला नाही. १३ जूनला संत अंतोनीच्या सणाला आम्ही आता वस्तूंसाठी काही मागत नाही.

हे प्रभू, आमच्या घराचे राखण कर आणि आमच्या तोंडावर पहारा ठेव. ज्याला आम्ही आमच्या शब्दाने बेघर केले, त्याला तू छप्पर दे, आणि त्याची क्षमा मागण्याची एक संधी आम्हाला दे. आमेन.