दारूखान्यातली ऐरण

"बाबांना घेऊन दारूखान्यात चाललेय," असं मी जिन्यात शेजारच्या काकूंना सांगितलं, तेव्हा त्यांच्या भुवया पार केसांना भिडल्या. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, आणि सकाळी साडेनऊला दारूखाना! काकूंचा जीव भांड्यात पडावा म्हणून मला तिथंच उभं राहून खुलासा करावा लागला. ही दारू ग्लासातली नव्हे, बंदुकीची. इंग्रजी नकाशांत याच भागात 'पावडर बंदर' असं नाव सापडतं. दारूगोळा केव्हाच गेला, नाव तेवढं राहिलं. आता तिथं मिळतं ते लोखंड. लोखंड, लोखंड आणि लोखंड.

"निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, हे भंगारात चाललेत," ही आईची टिप्पणी दार बंद होता होता मागून आलीच.

आम्हाला ऐरण घ्यायची होती. जुनी, पण चांगली.

खरं सांगते, 'अमुक प्रश्न ऐरणीवर' असं आम्ही पत्रकार मंडळी आठवड्यातून दोनदा तरी लिहितो. पण ऐरणीशी माझा संबंध तेवढाच. बाबांची गोष्ट वेगळी. आजोबा मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावचे लोहार, बारा बलुतेदारांतले एक. बाबा मात्र मुंबईच्या बाजूला आले आणि एका मोठ्या कारखान्याच्या लोहारखात्यात छत्तीस वर्षं राहिले. आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी गावच्या घरातली ऐरण बाबांनीच भंगारवाल्याला दिली. त्यावर ते कधी बोलले नाहीत, आम्हीही कधी विचारलं नाही. गेल्या दसऱ्याला मात्र शस्त्रपूजेच्या पाटावर एकुलती एक हातोडी ठेवताना म्हणाले, "गावची पडवी नीट करून घेऊ. एक भट्टी, एक ऐरण. धंदा नाही करायचा. हौस म्हणून दोन विळे, चार खुरपी करीन." नव्या ऐरणीसाठी आधी नागदेवी स्ट्रीटला चक्कर झाली. तिथल्या बिडाच्या ऐरणी बाबांनी नुसत्या नजरेनं नापास केल्या. म्हणून आता दारूखाना.

डोंबिवलीहून गाडी पकडली, कुर्ल्याला हार्बर लाइनची गाडी घेतली आणि रे रोडला उतरलो. हे 'रे' म्हणजे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे. १९१० मध्ये कुर्ल्याहून निघालेली ही लाइन पहिल्यांदा इथंच येऊन थांबत होती. १९२५ च्या फेब्रुवारीत देशातली पहिली विजेची गाडी धावली, तीही याच मार्गावर, व्हीटी ते कुर्ला. आज मात्र स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की इतिहास वगैरे सगळं विसरायला होतं. पहिल्यांदा जाणवतो तो वास. गंजाचा, ग्रीसचा आणि गॅस कटरनं कापलेल्या पत्र्याचा. मग दिसतात माणसाच्या मांडीएवढ्या जाड कड्यांचे साखळदंड, अजगरासारखे एकावर एक वेटोळे घालून पडलेले. नांगर, कप्प्या, हूक, पोलादी दोरखंडांची गुंडाळी, जहाजाच्या गोल खिडक्या. एका दुकानाच्या दारात पितळी पंखा टेकवून ठेवलेला, त्याच्या पात्यावर मांजर झोपलेलं.

आपली पहिली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' हिचा शेवटही इथलाच. १९९७ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ च्या अखेरीस याच किनाऱ्यावर तिचे तुकडे पडायला लागले. तिचं थोडं पोलाद पुढे एका मोटारसायकलच्या टाकीत गेलं. बाबांना हे सगळं पाठ आहे. "लोखंड मरत नाही," असं काहीतरी ते म्हणाले, पण शेजारी कटर सुरू होता, नीट ऐकू आलं नाही.

इथं ऐरण मागितली की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या हातांकडे. पहिल्या दुकानदारानं माझ्याकडे बघून विचारलं, "शो के लिए चाहिए क्या, बहेनजी?" हल्ली हॉटेलवाले दारात ठेवायला घेऊन जातात म्हणे! त्याच्याकडे ऐरण नव्हतीच. त्यानं रुळाचा हातभर तुकडा पुढे केला. रुळाचं पोलाद कणखर, छोट्या कामाला त्याची ऐरण झकास होते, हे बाबांनीही मान्य केलं. पण त्यांनी विचारलं, "पावती?" दुकानदार हसला. बाबा पुढे चालू लागले. चोरीचा रेल्वेमाल बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा रूळ स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी उचलणार असाल तर कागद आधी मागा.

दुसऱ्या दुकानात ऐरण होती. काळ्या रंगानं चकाचक रंगवलेली, वरचा माथा आरशासारखा. मला तर एकदम पसंत पडली. बाबा म्हणाले, "ऐरणीला रंग कोण लावतो? ज्याला काही झाकायचंय तो." मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून बेअरिंगची एक गोळी काढली आणि मला धडा दिला. तो इथं देते, कारण असा धडा पुस्तकात सहजी मिळणार नाही.

जुन्या चांगल्या ऐरणीचं अंग बहुधा घडीव लोखंडाचं असतं आणि वर कडक पोलादाची पट्टी भट्टीत तापवून जोडलेली असते. सगळा जीव त्या पट्टीत. वीतभर उंचीवरून गोळी सोडायची. माथा कडक असेल तर गोळी जवळजवळ हातात परत येते: दहा इंचांवरून सोडली तर आठ-नऊ इंच उसळते. बिडाच्या ऐरणीवर ती थोडी उसळून बसकण मारते. म्हणजे तुमच्या घावातला जोर ऐरणच गिळणार आणि खांदा तुमचा दुखणार. गोळी एकाच जागी सोडायची नाही, माथाभर फिरवायची. कुणी खळगा वेल्डिंगनं भरून वर घासला असेल तर तेवढ्या जागी ती मलूल पडते. आगीत सापडलेल्या ऐरणीचं पाणी उतरलेलं असतं, ती सगळीकडेच मलूल. कडा थोड्या उडालेल्या असल्या तर चालतात. लोहाराला तीक्ष्ण कड फार लागतही नाही.

काळ्या ऐरणीवर गोळी चार ठिकाणी उसळली आणि मधोमध पडली ती पडलीच. "वेल्डिंग," बाबा म्हणाले. पण शिंगाकडचा भाग त्यांना बरा वाटत होता. त्यांनी हातोडी काढून तिथं हलकेच दोन टोले मारले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कशी वाजली?"

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. "वाजली की," मी म्हटलं.

"तसं नाही. घंटेसारखी वाजली की मडक्यासारखी? पट्टी खालून सुटली असेल तर मडक्यासारखी वाजते."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

छत्तीस वर्षं घणांच्या आवाजात काढलेला माणूस. ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. टीव्ही मोठा लावतात म्हणून आई करवादते, श्रवणयंत्र डबीत पडून असतं. डॉक्टरांनी एकदा सांगितलंही होतं की अशा कामात आधी बारीक, उंच स्वर जातात. पाखरांची चिवचिव जाते, फोनची किणकिण जाते, बोलणं त्या मानानं बरंच राहतं. पण ऐरणीचा आवाजही त्याच उंच स्वरांतला, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बाबांना हातोडीचा 'ठक' कळत होता. त्याच्या मागून येणारा नाद त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून मला बरोबर आणलं होतं. मी समजत होते, पिशवी धरायला!

"पुन्हा मारा," मी म्हटलं आणि कान खाली नेला. या वेळी खरंच ऐकलं. कडेला नाद होता, शिंगाजवळ बसका, फुटक्या मडक्याचा आवाज. "इथं नाही वाजत, बाबा." त्यांनी मान हलवली आणि हातोडी पिशवीत ठेवली. दुकानदाराचा चेहरा उतरला.

पुढची दोन दुकानं सांगण्यासारखी नाहीत. चहा मात्र चांगला होता.

मिळाली ती अगदी आतल्या गल्लीत. शॅकलच्या ढिगाखाली एक शिंग बाहेर आलेलं बाबांना दिसलं. मला विचाराल तर गंजलेला दगड. दोन हमालांनी ढीग उपसला. माथ्याच्या मध्ये किंचित खोल, एक कड चांगलीच उडालेली, शेपटाकडे एक चौकोनी आणि एक गोल भोक. बाबांनी तारेच्या ब्रशनं बाजू घासली, वर खडू फिरवला. कंपनीचं नाव गंजानं खाल्लं होतं, पण तीन आकडे उमटले: १, २, १४. दुकानदार म्हणाला, "नंबर है, मॉडेल नंबर." बाबा हसले. डडलीच्या पीटर राइटसारखे इंग्लंडमधले जुने कारखानदार ऐरणीचं वजन असं हंड्रेडवेटमध्ये कोरत. पहिला आकडा पूर्ण हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड. दुसरा पाव हंड्रेडवेटचा, २८ पौंडांचे दोन. तिसरा सुटे पौंड. बेरीज १८२ पौंड, म्हणजे साडेब्याऐंशी किलो. काट्यावर चढवली, ब्याऐंशी भरली. अर्धा किलो कुणाकुणाच्या घणाखाली झिजला असणार.

"जहाज का माल है, चाचा," दुकानदारानं सुरुवात केली. एवढ्या वजनाची ऐरण जहाजात कोण ठेवेल, असं बाबांनी विचारताच तो प्रामाणिक झाला. "मिल का है." हे पटण्यासारखं होतं. गिरण्यांची स्वतःची लोहारखाती असत. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि आतलं लोखंड लॉऱ्या भरभरून बाहेर पडलं.

गोळी टाकली. टप्प्याटप्प्यानं माथाभर फिरवली. प्रत्येक वेळी ती उसळून बाबांच्या बोटांना भिडत होती. मग त्यांनी हातोडी घेतली आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. मी गुडघ्यावर बसले. पहिला टोला पडला आणि त्या गोंगाटातही तो नाद लख्ख वेगळा ऐकू आला. अगदी बारीक, लांबलचक. समोरच्या दुकानातल्या पोऱ्यानंही मान वळवली. दहा ठिकाणी टोले मारले. दहाही ठिकाणी तोच.

"वाजते?"

"देवळातल्या घंटेसारखी."

बाबांनी चप्पल काढली, ऐरणीला हात लावून तो कपाळाला लावला. मग उडालेली कड दाखवून भाव पाडायला लागले. दुकानदारानं किलोला एकशे ऐंशी मागितले होते, अकरा हजारांवर तोडलं. हातगाडी आणि मुरबाडपर्यंतच्या टेम्पोचे पैसे वेगळे. हा हिशेब आईला अजून अर्धाच माहीत आहे.

गावी बाभळीचा ओंडका जमिनीत दोन फूट गाडला आणि त्यावर ऐरण बसवली. आजोबांची ऐरण ठेंगणी, ते उकिडवे बसून काम करत. बाबांना कारखान्यातली उभ्यानं काम करायची सवय. हात सरळ खाली सोडून मूठ जिथं येते तिथं माथा यायला हवा, असं माप. दोनदा ओंडका उपसावा लागला. शेजारी राहणारे चुलतभाऊ आवाजाला वैतागले, तेव्हा ऐरणीच्या कमरेला साखळी गुंडाळायचं ठरलं. त्यानं नाद बराच दबतो. पण पहिला दिवस तरी तशीच वाजू द्यावी म्हणून आम्ही गुंडाळली नाही.

भाता हलवायला मी होते. बाबांनी तापल्या सळईवर घाव घालायला सुरुवात केली आणि पाऊण तास झाला असेल नसेल, तोच खालच्या वाडीतली एक म्हातारी हातात विळा घेऊन पडवीपुढं उभी राहिली.

"टोल ऐकला," ती म्हणाली. "म्हटलं, लोहार आला जणू. ह्याची धार गेलीय बघ पार."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मोठ्यानं सांगितलं, "आवाज ऐकून आल्यात, बाबा. खालच्या वाडीपर्यंत गेला."

"किती घेशील?" म्हातारीनं विचारलं. ते बाबांना ऐकू गेलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मला कळलं नाही. ते विळा निखाऱ्यात सरकवत होते.