मेजर कोणता?
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर बी.ए.ची घडी बदलली. पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक ‘मेजर’, एक ‘मायनर’ म्हणून कॉलेजला लिहून द्यायचा. एक विषय सुटतो. परभणीतली माझी भाची यंदा याच फॉर्मपाशी आली. विषय उर्दू, मराठी, इतिहास. दहावी उर्दू माध्यमातून. मेजर मात्र मराठी घेणार म्हणाली.

आपांना पटलं नाही. “मार्क उर्दूत पडतील. पुढं बी.एड. करून उर्दू शाळेत लागशील. मराठीला रांग केवढी!” यात जबानीची अस्मिता नव्हती, रोजीरोटीचा हिशेब होता. तो मी हसण्यावारी नेत नाही.

खटकलं ते वेगळंच. कॉलेजच्या खिडकीवर क्लार्कनं तिचं नाव वाचलं आणि न विचारताच उर्दूपुढे खूण केली. नाव वाचून विषय ठरतो म्हणायचा!

यू. म. पठाण याच मराठवाड्याच्या विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख होते. महानुभाव वाङ्मयात त्यांनी हयात घालवली. १९९० मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. हे मी आपांना सांगितलं.

“ते पठाणसाब मोठे होते. हिला नोकरी कोण देणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचीनं दुरुस्तीचा अर्ज लिहिला, शुद्ध मराठीत. “मामू, उर्दू मायनर ठेवते. सुटला तर इतिहास सुटू दे.”

इतिहास सुटल्याचं मला जरा वाईट वाटलं.