संडूरचे आणखी शेअर

सोयाबीन मेहकरला घातलं. व्यापाऱ्याने मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले, ओलावा बघितला आणि बोली खाली आणली. लोहखनिजाचंही तसंच. दगडात लोह किती टक्के, त्यावर टनाचा भाव. जगाचा हिशोब वर्षानुवर्षं 62 टक्क्यांच्या मालावर चालत आला आणि चीनच्या भट्ट्या किती माल ओढतात त्यावर हलतो. डोणगावात बसून चीनची काळजी!

*

थोडे शेअर आधीपासून आहेत. संडूर मँगनीज अँड आयर्न ओअर्स. खाणी कर्नाटकात बेल्लारीकडे, पण 1954 मध्ये कंपनी काढली ती संडूरच्या घोरपडे संस्थानिकांनी. एका खाणीचं गाव देवगिरी. नावावरून शेअर घेऊ नयेत हे कळतं. तरी मराठी नाव दिसलं की माणूस ताळेबंद जरा प्रेमाने वाचतो.

*

मित्र म्हणतो, "भाऊ, आपल्या विदर्भात सुरजागड असताना तिकडं कायले जातं?" डिसेंबर 2016 मध्ये नक्षलवाद्यांनी सुरजागडला सत्तरहून जास्त गाड्या जाळल्या. त्यानंतर तिथल्या खाणीच्या मालकाचा, लॉइड्स मेटल्सचा, शेअर मातीमोल होता, तेव्हा हा मित्रही गप्पच होता. आता ती कंपनी लहान राहिलेली नाही.

*

फेब्रुवारी 2024 मध्ये संडूरने एकावर पाच बोनस दिले. घरात वाटलं, लॉटरी लागली. एकाचे सहा झाले, भावाचेही सहा तुकडे झाले. एकरात पाच बांध घातले म्हणून जमीन वाढत नाही.

*

मे 2022 मध्ये केंद्राने लोहखनिजावर 50 टक्के निर्यात शुल्क लावलं, नोव्हेंबरात जुन्यावर आणलं. मधल्या काळात खाण तीच, दगड तोच. कांदेवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

*

गोव्याचं उदाहरण जास्त टोचतं. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यात खाणी थांबल्या. ट्रक, बार्ज, गॅरेजं, चहाच्या टपऱ्या, सगळंच बसलं. खनिज जमिनीत जागच्या जागी होतं. म्हणजे आपण विकत घेतो ते लोखंड नव्हे, खोदायची परवानगी. तिची मुदत बघायची.

संडूरच्या पट्ट्यांची मुदत 31 डिसेंबर 2033. पुढे कायद्याप्रमाणे लिलाव. लिलावात जुन्या मालकाला पट्टा मिळेलच असं नाही, आणि मिळाला तर बोली चढवून मिळतो. मग नफा सरकारच्या तिजोरीत. आजचा नफा गुणिले वीस वर्षं, हा हिशोब इथं चालत नाही. उरलेली वर्षं मोजायची.

*

कंपनीलाही हे दिसत असणारच. नोव्हेंबर 2024 मध्ये आंध्रातली अर्जस स्टील घेतली, साधारण 3,000 कोटींचा व्यवहार. खाण गेली तरी कारखाना उरेल. पण कारखान्याबरोबर कर्ज आलं. बिनकर्जाची छोटी खाण कंपनी म्हणून मी हिच्यात शिरलो होतो. आता ती पोलाद कंपनी होऊ पाहते. हे मला अर्धंच पटतं.

*

बायको : "सोनं घ्या. त्याची मुदत संपत नाही." उत्तर सुचलं नाही.

*

ठरलं. सोयाबीनच्या पैशातून हरभऱ्याचं बियाणं, खत आणि सोसायटीचा हप्ता बाजूला काढून जे उरलं, त्याच्या निम्म्याचे संडूर. बाजारभावाने नाही, खालचा भाव लावून ऑर्डर टाकली आहे, तिथं आला तर घेईन. 2030 नंतर एकही धरायचा नाही, हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. मित्राला अजून सांगितलेलं नाही.