पंगतीची कसोटी

श्रद्धावंतांच्या परस्पर सहभागितेला ख्रिस्ती धर्मविचारात जे स्थान आहे, ते सौजन्याचे किंवा सामाजिक सोयीचे नसून श्रद्धेच्या गाभ्याचे आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचे वर्णन करताना शिक्षण, सहभागिता, भाकरी मोडणे आणि प्रार्थना ही चारही अंगे एकत्र सांगितली असून, मालमत्ता विकून गरजवंतांस वाटून देण्याचा व्यवहारही तेथेच नमूद आहे. तथापि थोड्याच वर्षांत, करिंथ येथील सधन विश्वासणारे प्रभुभोजनाच्या प्रसंगी आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, म्हणून पौलाला त्यांची कडक शब्दांत हजेरी घ्यावी लागली. प्रार्थनेत जुळलेली मने पंगतीत दुभंगतात, हा अनुभव इतका जुना आहे.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना शेळगावचा जो मुलूख लागतो, त्यातूनच आषाढीच्या सुमारास तुकोबांची पालखी पंढरीस जाते. आणि मराठी ख्रिस्ती माणसाने सहभागितेचा विचार करताना या वाटेकडे पाठ फिरवणे इष्ट नाही, कारण १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीच आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तचरणांशी आलो, असे सांगून ठेवले आहे. वारीत थोर-लहान एकमेकांच्या पाया पडतात, हे खरे; परंतु पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले होण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हेही तितकेच खरे. वाट एक, पण उंबरठा निराळा, असा हा विरोध होता.

आम्ही ख्रिस्ती लोक या विरोधातून मुक्त होतो, असा दावा मात्र कोणी करू नये. नारायण वामनांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात, धर्मांतरामुळे दुरावलेल्या पतीकडे परतल्यावरही आपण काही काळ सोवळे-ओवळे कसे पाळले आणि जातिभेद मनुष्यकृत आहे अशी मनाची खातरजमा झाल्यावर ते कसे सोडले, हे निर्भीडपणे सांगितले आहे. त्यांचा बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. म्हणजे त्यांच्या बाबतीत पंगतीचा प्रश्न आधी सुटला, विधी मागाहून आला. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांस सारखीच जागा ठेवली. पुढे १९२२ साली इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघात युरोपीय व हिंदी बंधू एका छपराखाली राहू लागले. या दोन्ही प्रयत्नांमागे, सहभागिता उपदेशाने नव्हे तर सहवासाने सिद्ध होते, हीच जाणीव होती.

खेड्यांतील मंडळ्यांमध्ये हा सहवास आजही साध्या रीतींतून चालतो. आठवड्याची प्रार्थनासभा घरोघरी पाळीपाळीने होते. आजाऱ्याच्या खाटेपाशी पाळक व शेजारी बसतात. उपकारस्तुतीच्या दिवशी कोणी ज्वारी, कोणी कोंबडी, कोणी चार अंडी आणतो आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा जिन्नसाच्या बाजारभावाहून अधिक रक्कम देणाराच खुशीत घरी जातो. हे सारे मोलाचे आहे. परंतु सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते, शहरातील सुस्थित मंडळीला खेड्यातील मंडळीची आठवण सणापुरती होते, आणि १९७० साली नागपुरात निरनिराळे पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली असूनही पंथाभिमान पुरता गेलेला नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

म्हणून या नाताळात आपल्या मंडळीची परीक्षा गायनावरून किंवा रोषणाईवरून न करता, जेवणाच्या पंगतीत आपल्या शेजारी कोण बसले आहे आणि ज्याला बोलावणेच गेले नाही असा कोण राहिला आहे, एवढेच वाचकांनी पाहावे. आणि कोणी राहिला असेल, तर त्याला आणावयास स्वतः जावे, ही विनंती.