खुब्याच्या ऑपरेशननंतर

धाकट्या बहिणीचा उजवा खुबा विशीपासून दुखायचा. लग्न झालं, दोन मुलं झाली, "बाळंतपणाचा वात आहे" म्हणून तेल चोळणं चालूच राहिलं. बत्तिसाव्या वर्षी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, खुब्याची वाटी मुळातच उथळ आहे; मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात पुरता झाकला जात नाही. कूर्चा शाबूत होती. म्हणून कृत्रिम सांधा न बसवता वाटीभोवतीचं हाड कापायचं, वाटी फिरवून स्क्रूने पक्की करायची असं ठरलं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गांझ यांनी १९८४ साली ही शस्त्रक्रिया सुरू केली.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं, वय चाळिशीच्या आत आणि सांधा झिजलेला नाही, या जमेच्या बाजू. वजन थोडं उतरवा. आणि मशेरी बंद. निकोटीनमुळे हाड जुळायला उशीर लागतो. मशेरीचं नाव निघताच ती माझ्याकडे पाहायला लागली. सासरी कुणाला ठाऊक नव्हतं! पण सोडली, अल्हम्दुलिल्लाह.

खरी परीक्षा घरी आल्यावर. सहा ते आठ आठवडे कुबड्या, पायावर थोडाच भार, जमिनीवर बसायचं नाही. चौथ्या आठवड्यात वरची जखम भरलेली दिसली आणि भाकरीची परात तिच्यापुढे आली. सासूबाई वाईट नाहीत. त्यांच्या काळी बाळंतीणसुद्धा चाळीस दिवसांत चुलीपाशी यायची. मी म्हटलं, "खाला, मुलाचा हात मोडला तर प्लास्टर दिसतं, म्हणून सगळे जपतात. हिचं हाड आत कापलंय, दिसत नाही एवढंच." परात उचलली गेली. मुलांचे डबे तिचा नवरा करू लागला.

नमाजचं मात्र तिलाच समजवावं लागलं. शरीअतने आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज पढायची सवलत दिली आहे. तरी हिला सजद्यासाठी खाली वाकायचंच होतं. शेवटी सासूबाईंनीच मुसल्यावर खुर्ची आणून ठेवली.

आता पाच महिने झाले. हाड जुळलं, कुबड्या सुटल्या, पण चाल अजून लचकते. खुब्याच्या बाजूचे स्नायू ताकद धरायला महिने घेतात, हे फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं आहे. शेजारणींना कोण सांगणार? "एवढा खर्च करून लंगडतेच का गं?" असं विचारलं की ती दोन दिवस व्यायाम सोडते. मग मी फोन करते. तिसऱ्या दिवशी फजरनंतर कुशीवर झोपून पाय उचलणं पुन्हा सुरू होतं, आणि धाकटा मोजायला बसतो.